तोहोकूत नवे आहात? आधी तारखांची जात ओळखा

पहिल्या वर्षी मी उत्तर जपानमधल्या आओमोरीचा नेबुता, म्हणजे तिथला उन्हाळी मिरवणुकीचा उत्सव, बघायला गेले ती फक्त जातानाचं तिकीट काढून. परतीचं तिथे गेल्यावर बघू, असा आपला नेहमीचा हिशोब. मिरवणूक नऊच्या सुमारास संपली, गर्दीतून वाट काढत मी स्टेशनवर पोचले तोवर सेंदाईकडची शेवटची गाडी निघून गेलेली. गावातली झाडून सगळी हॉटेलं भरलेली. शेवटी एका कराओकेच्या दुकानात रात्रभराचे पैसे भरले आणि शेजारच्या खोलीतलं बेसूर गाणं ऐकत, पाय पोटाशी घेऊन, सोफ्यावर उजाडायची वाट बघितली.

शिकायला किंवा नोकरीला सेंदाई, मोरिओका, यामागाता या भागात नव्याने आलेल्यांना, आणि टोकियोत राहून सुटीत उत्तरेला यायचं म्हणणाऱ्यांनाही, अशी रात्र काढावी लागू नये म्हणून हे लिहिते आहे.

तोहोकू म्हणजे होन्शू या मुख्य बेटाचा उत्तरेकडचा तुकडा. आओमोरी, अकिता, इवाते, मियागी, यामागाता आणि फुकुशिमा असे सहा प्रांत. टोकियोहून सेंदाई शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दीड तास, तिथून शिन-आओमोरी आणखी दीड-पावणेदोन तास. पश्चिमेच्या बाजूला हिवाळ्यात माणूस बुडेल इतकं बर्फ पडतं. चार-पाच महिने घरात कोंडलेली माणसं उन्हाळा आला की काय करतील? इथले सगळ्यांत मोठे उत्सव ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एकमेकांच्या अंगावर येऊन पडतात. नवख्याची तारांबळ होते ती इथेच.

पहिली पायरी: ही तारीख कुठल्या हिशोबाची?

आपल्याला तिथी आणि तारीख यांतला फरक शिकवावा लागत नाही. जपानमध्येही पूर्वी चांद्र महिनेच होते. १८७३ साली त्यांनी ती कालगणना सोडून इंग्रजी कॅलेंडर घेतलं, आणि मग सणांचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक गावाने आपापल्या परीने सोडवला. सातव्या चांद्र महिन्याच्या सप्तमीला येणारा तानाबाता टोकियोकडे सरळ ७ जुलैला करतात. सेंदाईने तो एक महिना पुढे ढकलून ऑगस्टमध्ये ठेवला, म्हणजे ऋतू तरी चुकत नाही. शहाणपणाचं केलं, कारण जुलैच्या सुरुवातीला इथे पावसाळी ढग असतात आणि हा सण आहे ताऱ्यांचा.

ते तारेही आपल्या ओळखीचे. आकाशगंगेच्या दोन काठांवर ताटातूट झालेली विणकरीण ओरिहिमे आणि गुराखी हिकोबोशी वर्षातून एकदा त्या रात्री भेटतात. ओरिहिमे म्हणजे आपलं अभिजित, हिकोबोशी म्हणजे श्रवण. जुन्या हिशोबाने ही तिथी साधारण आपल्या श्रावण शुद्ध सप्तमीच्या आसपास येते, हे मला इथे येऊन दोन वर्षांनी लक्षात आलं.

तर, कुठलाही उत्सव ऐकला की आधी विचारा, हा तारखेचा, वाराचा, की झाडाचा?

तारखेचे उत्सव वार बघत नाहीत. मोरिओकाचा सान्सा १ ते ४ ऑगस्ट, आओमोरीचा नेबुता २ ते ७, अकिताचा कांतो ३ ते ६, यामागाताचा हानागासा ५ ते ७, सेंदाईचा तानाबाता ६ ते ८. मंगळवार असो की बुधवार, रजा तुम्ही टाकायची. शनिवार-रविवार त्यात सापडला तर गर्दी दुप्पट समजा.

वाराचे उत्सव नोकरदारांना सोयीचे. सेंदाईचा आओबा मात्सुरी मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आणि त्याच्या आदल्या दिवशी, मोरिओकाकडची घोड्यांची मिरवणूक जूनच्या दुसऱ्या शनिवारी, ओमागारीची आतषबाजी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी.

झाडाच्या उत्सवांना तारीखच नसते. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, आणि शरदातली लाल पानं आपल्या मर्जीने येतात. तोहोकूचा साकुरा टोकियोच्या दोन ते चार आठवडे मागून चालतो. फुकुशिमातल्या मिहारूचा हजार वर्षांहून जुना एकांडा वृक्ष एप्रिलच्या मध्याला, सेंदाईही त्याच सुमारास, आणि हिरोसाकी एप्रिलच्या शेवटी. इथे परत करता येईल असं बुकिंग करा. दोन उबदार दिवस आले की सगळं वेळापत्रक आठवड्याने अलीकडे सरकतं.

आणखी एक सावधगिरी. जुन्या माहितीवर विसंबू नका. फुकुशिमाच्या मिनामीसोमात चिलखतं घातलेले स्वार घोडे पळवतात तो सोमा-नोमाओई वर्षानुवर्षं जुलैच्या अखेरीस व्हायचा. उन्हाचा त्रास माणसांना आणि घोड्यांनाही असह्य होऊ लागला, म्हणून २०२४ पासून तो मे महिन्याच्या शेवटी नेला. आजही जुलैची तारीख सांगणारी पानं ढिगाने सापडतात.

दुसरी पायरी: आधी अंथरूण, मग गाडी, मग उत्सव

ऑगस्टसाठी खोली फेब्रुवारी-मार्चमध्येच बघा. आओमोरी आणि अकितात ती मिळणं सगळ्यांत अवघड. नाही मिळाली तर मोरिओका, हाचिनोहे किंवा सेंदाईत मुक्काम ठेवून ये-जा करता येते, पण तेव्हा शेवटची गाडी किती वाजताची हे कागदावर लिहून खिशात ठेवा. मोबाईलची बॅटरी मिरवणुकीचे व्हिडिओ काढण्यात संपलेली असते.

गाडीचं आरक्षण बरोबर एक महिना आधी सकाळी दहाला उघडतं. जेआर पूर्व या रेल्वे कंपनीच्या ‘एकिनेत्तो’ या संकेतस्थळावर त्याच्याही आठवडाभर आधी मागणी नोंदवून ठेवता येते. हायाबुसा आणि कोमाची या शिनकानसेन गाड्यांना बिनआरक्षित डबाच नाही, त्यामुळे ऐनवेळी धावत जाऊन घुसू हा लोकलचा अनुभव इथे कामाचा नाही. सगळ्या जागा गेल्या असतील तर खिडकीवर उभ्याने जायचं तिकीट मिळतं का ते विचारा, बरेचदा मिळतं. आणि १३ ते १६ ऑगस्टच्या आसपास, म्हणजे ओबोनमध्ये, सगळा देश पितरांसाठी गावी जातो. त्या दिवसांत उत्सवाच्या नादाने प्रवासाला निघू नका.

एका दमात जास्तीत जास्त बघायचं असेल तर क्रम असा ठेवा: १ तारखेला मोरिओका, २ आणि ३ आओमोरी, ४ ला गोशोगावारा, ५ ला अकिता, ६ ला सकाळी सेंदाई आणि संध्याकाळी यामागाता. आओमोरीहून गोशोगावाराला जाताना कावाबेला गाडी बदलावी लागते. आओमोरी ते अकिता ‘त्सुगारू’ एक्सप्रेसने पावणेतीन तासांच्या आसपास. सेंदाई ते यामागाता सेनझान मार्गाने सव्वा तास, किंवा बसने तेवढ्यातच. हे मी एकदा केलं आहे. चौथ्या दिवशी ढोल ऐकले की पोटात गोळा यायचा. पहिल्या वर्षी दोनच निवडा.

तिसरी पायरी: कडेला उभे राहू नका

नेबुता म्हणजे तारेच्या सांगाड्यावर जपानी कागद चिकटवून, रंगवून, आतून दिवे लावलेले योद्धे, राक्षस आणि देव. एकेक नऊ मीटर रुंद आणि पाच मीटर उंच, गाड्यासकट वजन चार टनांच्या घरात. माणसं ते ओढत नेतात, मध्येच गर्रकन फिरवतात, आणि प्रेक्षकांकडे झुकवून डोळ्यांत डोळे घालतात. दर वर्षी नवे बनतात, जुने मोडतात. शेवटच्या रात्री बक्षीस मिळालेले नेबुता तराफ्यांवर चढवून बंदरात फिरवतात, वर आतषबाजी. विसर्जनाची सवय असलेल्या माणसाला यात समजावण्यासारखं काही नाही. फरक एवढाच, की मिरवणूक ठरल्या वेळी संपते. सकाळपर्यंत लांबत नाही.

पण खरी गंमत त्यात नाचणाऱ्यांची आहे. त्यांना हानेतो म्हणतात, आणि ठरलेला पोशाख घातला तर कुणालाही आत शिरता येतं. नोंदणी नाही, फी नाही. पोशाख मात्र पूर्ण हवा. साध्या कपड्यांत रांगेत घुसलात तर बाहेर काढतील, ते योग्यच आहे.

पोशाख भाड्याने देणारी दुकानं स्टेशनच्या आसपास आहेत, नेसवून देण्यासकट पाच हजार येनच्या आतबाहेर खर्च येतो. मिरवणुकीच्या दिवशी दुपारी तीन-चारपर्यंत जा. मला नेसवणाऱ्या काकूंनी आधी कमरेला गुलाबी कापड गुंडाळलं, वरून पांढरा युकाता, म्हणजे सुती किमोनो, गुडघ्यापर्यंत खोचला, दंडांवरून लाल पट्टा फिरवून पाठीवर त्याची गाठ मारली, आणि मग मूठभर घुंगरांसारख्या घंट्या सेफ्टी पिनांनी जागोजागी टोचल्या. वर फुलांची भलीमोठी टोपी. तिच्या नाड्या हनुवटीखाली इतक्या घट्ट की जेवताना तोंड उघडेना. पायात झोरी, म्हणजे सपाता. त्या सुटतात, म्हणून दोरीने पायाला बांधून घ्या. मी बांधल्या नव्हत्या, एक गेली ती गेलीच.

नाच अवघड नाही. एका पायावर दोन उड्या, मग दुसऱ्यावर दोन. पुढचा ओरडतो ‘रास्सेरा!’, तुम्हीही ओरडायचं ‘रास्सेरा!’. पहिली दहा मिनिटं लाज वाटते, पुढे पोटऱ्या दुखायला लागतात आणि लाजेकडे लक्ष जात नाही. नाचताना घंट्या तुटून रस्त्यावर पडतात, त्या उचलणाऱ्याचं नशीब उघडतं असं मानतात. कडेच्या पोरांना एखादी काढून दिलीत तर ती उड्या मारतात. पाण्याची बाटली कमरेच्या पट्ट्यात खोचून ठेवा.

असंच उतरता येण्यासारखे आणखी दोन. मोरिओकाच्या सान्सामध्ये मिरवणूक संपल्यावर गोल करून नाचतात, त्यात वाटसरूंनाही घेतात. २०१४ साली इथे ३,४३७ जणांनी एकाच वेळी ताइको, म्हणजे जपानी ढोल, वाजवून जागतिक विक्रम केला. त्या ढोलांच्या भिंतीसमोर उभं राहिलं की बरगड्या वाजतात. यामागाताच्या हानागासामध्येही ऐनवेळी येणाऱ्यांसाठी जागा ठेवलेली असते, फुलं लावलेली टोपी फिरवत ‘यास्शो, माकाशो’ म्हणत चालायचं.

अकिताच्या कांतोत मात्र तुम्ही प्रेक्षकच. बारा मीटरचा बांबू, त्याला शेहेचाळीस कंदील, वजन पन्नास किलो. तो एक माणूस तळहातावर, कपाळावर, खांद्यावर, शेवटी कमरेवर तोलतो. कंदिलांत खऱ्या मेणबत्त्या असतात. वाऱ्याने बांबू कलला की लोक ‘दोक्कोइशो!’ ओरडून जोर देतात. कंदिलांचा तो आकार भाताच्या लोंब्यांचा आहे, पीक भरभरून यावं म्हणून. एकदा एक कांतो माझ्यापासून दहा पावलांवर कोसळला, कंदील विझले, मेणाचा वास सुटला, आणि त्या पोराने मान खाली घालून पुन्हा बांबू उचलायला घेतला. मिरवणुकीनंतर लोकांना कांतो जवळून बघायला आणि हाताळायला देतात, लगेच निघून जाऊ नका.

गोशोगावाराचा ताचिनेपुता उंचीसाठी बघायचा. तेवीस मीटर, म्हणजे सात मजली इमारत चालत येते. रस्त्यावर विजेच्या तारा आल्या तेव्हा तो आखूड होत होत जवळजवळ हरवला होता. गावकऱ्यांनी जुना आराखडा आणि फोटो सापडल्यावर तो पुन्हा उभा केला आणि १९९८ पासून उत्सव परत सुरू झाला. हिरोसाकीचे नेपुता पंख्याच्या आकाराचे, पुढे लढाई, मागे उदास चेहऱ्याची स्त्री. गर्दी कमी, चाल संथ. लहान मुलं सोबत असतील तर आओमोरीऐवजी इथेच न्या.

आता सेंदाईचा तानाबाता. माझं मत इथल्या मित्रांना आवडत नाही, पण लिहितेच. हा चालणारा उत्सव नाही. बाजाराच्या छताखाली बांबूंवरून लोंबणारी रंगीत कागदांची सजावट, तिच्यातून डोकं वाचवत चालायचं. दुपारी गेलात तर गर्दी आणि घाम एवढंच हाती लागेल. ६ तारखेला सकाळी, दुकानं उघडायच्या सुमारास जा. त्या दिवशी परीक्षण होतं आणि दुकानदार स्वतः खाली उभे असतात. विचारलं तर सात प्रकारची सजावट दाखवतात: इच्छा लिहायच्या पट्ट्या, कागदी किमोनो, करकोचे, बटवा, मासे धरायचं जाळं, कचऱ्याची टोपली, आणि खाली सुटणाऱ्या लांब झालरी. कचऱ्याची टोपली मला सगळ्यांत आवडते. बाकीची सजावट करताना उरलेले कपटे तिच्यात भरतात. आदल्या रात्री, ५ तारखेला, हिरोसे नदीकाठी आतषबाजी असते.

हे सगळे वेगवेगळे दिसतात, पण नेबुता, कांतो आणि तानाबाता यांच्या मुळाशी त्याच सप्तमीच्या सुमाराची एक जुनी रीत आहे. कापणीच्या आधीच्या उकाड्यात अंगावर येणारी झोप, सुस्ती, तिच्यासोबतचं अशुभ, हे सारं पाण्यात सोडून द्यायचं. तिला ‘नेमुरी-नागाशी’ म्हणतात, झोप वाहवणं. उत्सव झोपू देत नाही ते उगाच नाही.

चौथी पायरी: गर्दी ओसरल्यावर

ओमागारीची आतषबाजी १९१० पासून चालू असलेली स्पर्धा आहे, उजेडात उडवायच्या रंगीत धुराच्या दारूकामाचीही त्यात फेरी असते. बसायची जागा आधीच विकत घ्या आणि परतीच्या रांगेत दोन-तीन तास जातील असं धरून चाला. सेंदाईत सप्टेंबरमध्ये जोझेन्जी रस्त्यावर दोन दिवस फुकट जॅझ ऐकायला मिळतं, १९९१ पासून.

मग येतो इमोनी, म्हणजे नदीकाठची अळकुड्यांची आमटी. हा उत्सव कमी आणि सहल जास्त. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाबाहेर सरपणाच्या मोळ्या दिसू लागल्या की समजायचं. यामागातावाले गोमांस आणि सोयासॉस घालतात, सेंदाईवाले डुकराचं मांस आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, आणि दोघंही दुसऱ्याच्या आमटीला इमोनी मानत नाहीत. यामागातात एका दिवशी साडेसहा मीटर व्यासाच्या कढईत ही आमटी करतात आणि ढवळायला चक्क जेसीबीसारखं यंत्र लावतात. शाकाहारी असाल तर ऑफिसच्या इमोनीला वेगळं छोटं पातेलं मागा. अळकुड्या, अळंबी, कोन्न्याकू या कंदाच्या जेलीसारख्या वड्या, कांद्याची पात आणि कोंबू या समुद्री वनस्पतीचं पाणी. कुणी नाही म्हणत नाही, फक्त चार दिवस आधी सांगा.

उत्सवातल्या टपऱ्यांवर शाकाहाऱ्यांचे हाल आहेत हे खरं. याकिसोबा या परतलेल्या नूडल्समध्ये डुकराचं मांस, आमटीत माशाचं पाणी. भाजलेलं कणीस चालतं. सेंदाईचा झुंदा-मोची तर घ्याच, तांदळाच्या मऊ गोळ्यावर हिरव्या सोयाबीनचं गोड वाटण. टपरीवर रोख पैसे लागतात, आणि कचरा पिशवीत भरून घरी आणायचा असतो.

पाचवी पायरी: फेब्रुवारीत घराबाहेर पडा

नवखे लोक हिवाळ्यात रजई सोडत नाहीत. मीही सोडत नव्हते. पण १४ जानेवारीला सेंदाईच्या ओसाकी हाचिमान देवळात नववर्षाच्या सजावटीची होळी पेटते आणि कमरेला पांढरं वस्त्र गुंडाळलेले लोक, तोंडात कागद धरून, थंडीत मुकाट्याने चालत येतात, ते एकदा बघा. अकितातल्या ओगाचा नामाहागे तर आपला बागुलबुवाच. गवताचा झगा, राक्षसाचा मुखवटा, ‘रडकं पोर कुठे आहे?’ अशी डरकाळी. तो घरोघर फिरतो ३१ डिसेंबरच्या रात्री. पाहुण्यांसाठी फेब्रुवारीच्या दुसऱ्या शुक्रवारपासून तीन दिवस शिनझान देवळात मशालींच्या उजेडात येतो. झग्यातून गळलेली काडी शुभ मानतात, माझ्या पाकिटात एक आहे. हाचिनोहेचा एनबुरी १७ ते २० फेब्रुवारी, घोड्याच्या डोक्यासारख्या उंच टोप्या घालून बर्फातच भातशेतीची नक्कल करणारा नाच.

यांतलं एकच करणार असाल तर फेब्रुवारीच्या मध्याला अकितातल्या योकोतेला जा. सेंदाईहून तिकीट किताकामीचं काढा, कितामीचं नाही; ते होक्काइदो बेटावर आहे. किताकामीपर्यंत शिनकानसेन, तिथून छोट्या गाडीने डोंगर ओलांडून सव्वा तास. नावातली ही चूक तिकीट काढताना मी केली आहे. रबरी तळाचे बूट, दोन जोड मोजे, आणि खिशात शंभर येनची सुटी नाणी घ्या.

संध्याकाळी गावभर बर्फाच्या घुमट्या उभ्या असतात, त्यांना कामाकुरा म्हणतात. आत कोनाड्यात जलदेवता, तिच्यापुढे मेणबत्ती, आणि चटईवर जाड जाकिटं घातलेली मुलं. तुम्ही दिसलात की ती हाक मारतात, ‘हाइत्ते तान्से, ओगांदे तान्से’, आत या, देवाला नमस्कार करा. बूट बाहेर काढा, वाकून आत शिरा, देवीपुढे नाणं ठेवा, हात जोडा. मग जागा करून देतात. निखाऱ्यावर मोची फुगत असते. आठ-नऊ वर्षांच्या मुलीने माझ्या हातात आमाझाकेचा पेला दिला, तांदळाचं गरम, गोडसर पेय, आणि विचारलं, तुमच्याकडे बर्फ पडतं का? नाही म्हटल्यावर ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पेला पुन्हा भरला.